थिबाचा राजवाडा आणि किल्लीचा सवाल

भाट्याच्या खाडीच्या एका अंगाला सुरूचं बन, नारळ संशोधन केंद्र, झरीविनायक. दुसऱ्या अंगाला राजिवडा, मच्छीमारांच्या होड्या आणि वर उंचावर थिबाचा राजवाडा. सुट्टीत गावी आलेला चाकरमानी पाहुण्यांना तो दाखवायला नेतो. पाहुणे अर्धगोल खिडक्या, रंगीत काचा बघतात, खालची खाडी बघतात, परत येतात. राजा कोण होता, इथं का आला, त्याचा धर्म कुठला, ह्याची चौकशी फारसं कुणी करत नाही. आपले कार्यकर्तेही करत नाहीत. ती करायला हवी. कारण हा राजवाडा म्हणजे एका बौद्ध राजाचा तुरुंग होता. आज तिथं वस्तुसंग्रहालय आहे आणि आवारात गाण्याच्या मैफली होतात.

इमारत एका कामासाठी बांधली जाते आणि पुढं दुसऱ्याच कामाला लागते, ह्यात नवीन काही नाही. देवळाचं चर्च होतं, चर्चचं नाटकघर होतं, गिरणीचा मॉल होतो. माझा सवाल वेगळा आहे. इमारत बदलते तेव्हा किल्ली कुणाच्या हातात जाते? नवा बोर्ड कोण लिहितो? आणि आधी तिथं जे होते त्यांचं नाव त्या बोर्डावर राहतं का?

रिकामी झालेली आणि रिकामी केलेली

युरोपात गेल्या साठ-सत्तर वर्षांत अनेक चर्चं ओस पडली. माणसं प्रार्थनेला यायची थांबली. मग त्या वास्तूंचं करायचं काय? अ‍ॅमस्टरडॅम शहरात १९६७ साली तरुण पोरांनी एका रिकाम्या प्रार्थनाघरात घुसून कब्जा घेतला. त्यांना हुसकलं गेलं. पण १९६८ साली तिथंच ‘पॅराडिसो’ नावाचं तरुणांचं केंद्र रीतसर सुरू झालं, आणि आज ते जगभर गाण्याबजावण्यासाठी ओळखलं जातं. लंडनमधलं सेंट जॉन्स हे चर्च दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बॉम्बच्या आगीत सापडलं. दुरुस्तीनंतर १९६९ पासून ते संगीताचं सभागृह झालं. आपले मराठी लोकही ह्यात मागं नाहीत. १९३२ साली स्थापन झालेलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ आज डॉलिस हिल भागात ज्या वास्तूत आहे, तीही पूर्वी चर्चच होती. तिथं आता गणपती बसतो, नाटकं होतात.

अशा बदलाला आपण नाक मुरडायचं कारण नाही. जिथले भाविकच संपले तिथं लोकांनी एकत्र येऊन गावं, नाचावं, नाटक करावं, हे चांगलंच. कुलूप लावून भिंती कुजवण्यापेक्षा हजार पटीनं चांगलं.

पण दोस्तांनो, आपल्या देशात वास्तू अशा राजीखुशीनं फार कमी वेळा बदलल्या. इथं वास्तू रिकामी होत नाही, ती केली जाते. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला जा. बौद्ध भिक्खूंनी राहण्यासाठी कोरलेलं लेणं आज गिरिजात्मज गणपतीचं देऊळ आहे. अष्टविनायकाची यात्रा करणाऱ्या किती जणांना आपण विहारात उभे आहोत हे ठाऊक असतं? बोरिवलीचं मंडपेश्वर उलट्या अंगानं बघा. ते शिवाचं लेणं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्र्यांनी त्याचं चर्च केलं, वर मठ बांधला. पोर्तुगीजांची सत्ता गेल्यावर लेणं पुन्हा शिवाचं झालं. ज्याची तलवार त्याचा देव, असा तो हिशेब होता.

आणि बुद्धगया? जिथं तथागताला ज्ञान झालं त्या महाविहाराचा कारभार १९४९ च्या कायद्यानं एका कमिटीकडं दिला. चार हिंदू, चार बौद्ध आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. जिल्हाधिकारी हिंदू नसला तर तेवढ्या काळापुरता सरकारनं एखादा हिंदू अध्यक्ष नेमायचा, असंही कायद्यात लिहून ठेवलं होतं. ती अट काढायला २०१३ साल उजाडलं. विहार बौद्धांचा, पण किल्लीच्या जुडग्यात त्यांचा वाटा निम्म्याहून कमी.

हा सगळा इतिहास डोक्यात ठेवून आता थिबाकडं वळू.

सागवान, तोफा आणि दरबारातलं चर्च

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८७८ साली गादीवर आला. त्याचा बाप मिंडॉन. ह्या मिंडॉननं मंडाले शहरात ७२९ संगमरवरी पाट्यांवर सबंध त्रिपिटक कोरून घेतलं होतं. १८७१ साली त्यानं पाचवी बौद्ध संगीती भरवली. म्हणजे धम्माची वचनं दगडावर टिकवून धरणाऱ्या घराण्यातला हा मुलगा. राजा होण्याआधी तोही विहारात शिकलेला, पाली धर्मग्रंथांच्या परीक्षा दिलेला.

इंग्रजांना ब्रह्मदेश हवा होता. निमित्त मिळालं सागवानाचं. बॉम्बे-बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ साली मुंबईत उभी राहिलेली कंपनी तिथल्या जंगलातून सागवान काढत होती. ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेले, पैसे बुडवले, असा ठपका ठेवून थिबाच्या दरबारानं कंपनीला जबर दंड लावला. कंपनीच्या मदतीला साम्राज्य धावलं. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजी फौज इरावती नदीतून बोटींनी वर चढली आणि जेमतेम पंधरवड्यात मंडाले पडलं. १ जानेवारी १८८६ ला त्या राज्याचा इंग्रजी मुलुख झाल्याचं जाहीर झालं. राजा, राणी सुपयालत, लहान मुली ह्यांना आधी मद्रासला आणि एप्रिल १८८६ मध्ये बोटीनं रत्नागिरीला आणलं.

आपण गिरणीतली माणसं. मालकाच्या नफ्यासाठी सरकार कसं उभं राहतं हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही. पण एका मुंबईच्या कंपनीच्या लाकडाच्या भांडणात एक देश बुडाला आणि त्याचा राजा कोकणात आला, हे शाळेच्या इतिहासात कधी शिकवलं?

राजा गेल्यावर मंडालेच्या राजवाड्याचं काय झालं ते ऐका. गोऱ्या फौजेनं त्याची छावणी केली, तिला व्हाइसरॉयचं नाव दिलं, फोर्ट डफरिन. राजवाड्याच्या दरबारात चर्च भरायला लागलं. दुसऱ्या एका सिंहासनाच्या दालनात साहेबांचा क्लब निघाला. जिथं लोक गुडघे टेकून राजापुढं यायचे तिथं साहेब प्रार्थना करायला आणि पलीकडं पेग घ्यायला लागले. पुढं १९०१ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन तिथं आला. त्याला हे बरं दिसलं नाही. चर्च हलवा, क्लब हलवा, वास्तू जपा, असा हुकूम त्यानं काढला. कर्झनचं ह्याबद्दल कौतुक होतं आणि वास्तूपुरतं ते खरंही आहे.

पण तारखा नीट लावून बघा. १९०१ साली दरबार मोकळा करण्याचा हुकूम निघाला. त्याच साली दरबाराचा धनी रत्नागिरीत कैदेत होता, आणि त्यानंतर पंधरा वर्षं, मरेपर्यंत, कैदेतच राहिला. वास्तूची दया आली, माणसाची आली नाही. लाकूड आणि सोन्याचा मुलामा हा वारसा ठरला, राजा मात्र कागदपत्रांतला एक कैदी. ‘वारसा जतन’ हे शब्द कुठंही ऐकले की मला ही दोन सालं आठवतात. तो राजवाडा तरी कुठं राहिला? मार्च १९४५ मध्ये युद्धात जळाला.

रत्नागिरीतली तीस वर्षं

रत्नागिरीच का? कारण तेव्हा इथून सुटणं मुश्कील. रेल्वे नाही. पावसाळ्यात दर्या खवळला की बोटी बंद. कोकण रेल्वे पुरती सुरू व्हायला १९९८ साल लागलं, ह्यावरून त्या काळची कल्पना करा. जो आडबाजूचा मुलुख आपल्या बापजाद्यांनी पोटासाठी सोडला आणि मुंबईची गिरणी गाठली, तोच मुलुख इंग्रजांना राजा लपवून ठेवायला सोयीचा वाटला.

पहिली चोवीस वर्षं राजाचं कुटुंब बंगल्यातच राहिलं. तनखा सरकार ठरवणार, कुणी भेटायचं ते सरकार ठरवणार. बरोबर आणलेले हिरे-माणकं हळूहळू विकली गेली. शेवटी १९१० साली हा राजवाडा बांधून झाला. तीन मजले, जांभा दगड, लाकडाचं कोरीव काम, अर्धगोल खिडक्या, रंगीत काचा, संगमरवरी फरशीचा दरबार. दरबार होता, पण दरबारी नव्हते. १९१२ साली धाकटी राणी वारली. डिसेंबर १९१६ मध्ये थिबा वारला. नव्या राजवाड्यात तो जेमतेम सहा वर्षं जगला. १९१९ साली कुटुंबाला मायदेशी जायची परवानगी मिळाली. राजाचं शव मात्र इथंच राहिलं. त्याची आणि धाकट्या राणीची कबर रत्नागिरीतच आहे. तिचीही लोकांना आठवण झाली ती डिसेंबर २०१२ मध्ये, म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथं आले तेव्हा.

एक माणूस मात्र परत आलं. थिबाची थोरली मुलगी. तिचं मन राजवाड्यावर नोकरीला असलेल्या गोपाळ सावंतावर बसलं होतं आणि त्याच्यापासून तिला टुटू नावाची मुलगी झाली होती. राजघराण्याला ते मानवणारं नव्हतं, आणि गोपाळ आधीच बायको-मुलांचा धनी. तरी राजकन्या मुलीसह रत्नागिरीला परतली. तिला राजवाडा मिळाला नाही. गरिबीत राहिली, १९४७ साली वारली. देशाला स्वातंत्र्य मिळालं त्याच साली. टुटू पुढं मराठी बोलत, कष्ट करत, चारचौघींसारखी ह्याच गावात जगली आणि २००० साली गेली. राजवाड्याच्या खऱ्या वारसदारीणीचं उभं आयुष्य राजवाड्याबाहेर गेलं, आणि राजवाडा सरकारी दप्तरात सुखरूप राहिला.

स्वातंत्र्यानंतर त्या दालनांत शासकीय तंत्रनिकेतनाचे वर्ग भरले. कोकणातली पोरं तिथं शिकली, ह्यात वाईट काही नाही. कैदखान्याची शाळा झाली तर ते उत्तमच. पुढं राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं वस्तुसंग्रहालय आलं. अलीकडं रत्नागिरीची आर्ट सर्कल ही संस्था तिथं दरसाल जानेवारीच्या सुमारास कलासंगीत महोत्सव भरवते. मोठमोठे गवई, वादक येतात. खाडीवरून गार वारा, मागं उजळलेला राजवाडा, पुढं तानपुरा. रत्नागिरीत अशी मैफल व्हावी ही अभिमानाचीच गोष्ट आहे. कैद्याच्या घरात गाणं आलं, एवढ्यापुरतं त्या घराचं नशीब उजळलं.

पण राजवाड्याच्या मागच्या बाजूला एक बुद्धमूर्ती आहे. थिबानं ब्रह्मदेशाहून आणलेली. पुढं दरबार, पुढं स्टेज, पुढं फोटो. बुद्ध मागं.

रंगूनहून आलेला दुसरा बुद्ध

ह्या मूर्तीशेजारी आपल्याला दुसरी एक मूर्ती ठेवून बघायला हवी. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले. तिथं त्याच वर्षी सहावी संगीती सुरू झाली होती. पाचवी थिबाच्या बापानं भरवली होती, हे लक्षात ठेवा. परत येताना बाबासाहेबांनी रंगूनहून बुद्धमूर्ती आणली, आणि २५ डिसेंबर १९५४ ला पुण्याजवळ देहूरोडच्या विहारात स्वतःच्या हातानं बसवली. धर्मांतराच्या दोन वर्षं आधी. त्याच प्रसंगी त्यांनी पंढरपूरचा विठोबा मुळात बुद्ध असल्याचं मत जाहीरपणे मांडलं. देवळाच्या पोटात कधीकाळचा विहार असू शकतो, हा सवाल त्यांनी भर सभेत मांडला.

ब्रह्मदेशातून महाराष्ट्रात दोनदा बुद्ध आला. एकदा हरलेल्या राजाबरोबर, बोटीतून, पहाऱ्यात. दुसऱ्यांदा बाबासाहेबांबरोबर, माणसं जागी करायला. पहिला बुद्ध राजवाड्याच्या मागं राहिला, कारण त्याला पुढं आणणारी माणसं नव्हती. दुसरा पुढं बसला, कारण त्याच्याभोवती माणसं होती आणि विहाराची किल्ली त्यांच्याच कनवटीला होती. फरक मूर्तीत नव्हता.

आपल्या कलेला छप्पर कुठं होतं?

आता कलेकडं येऊ. आंबेडकरी जलसा कुठल्या नाट्यगृहात जन्मला? कुठल्याच नाही. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचा जलसा १९३० नंतर गावोगाव फिरला तो महारवाड्यातून, चाळीच्या चौकातून, कंदिलाच्या उजेडात. कोकणातलं नमन, जाखडी अंगणात आणि देवळाबाहेरच्या मोकळ्या जागेत. १९५८ सालचं पहिलं दलित साहित्य संमेलन मुंबईत नायगावच्या बंगाली हायस्कूलच्या हॉलमध्ये झालं. तेही दुसऱ्याच्या छपराखाली.

गिरणगावात एक छप्पर होतं. परळचा दामोदर हॉल. सोशल सर्व्हिस लीगनं १९२२ साली कामगारांसाठी तो उभा केला. ९ मार्च १९२४ ला बाबासाहेबांनी इथंच सभा घेतली, आणि त्यातून त्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. तिची कचेरीही ह्याच वास्तूत. रत्नागिरी, सिंधुदुर्गचे गिरणी कामगार पाळी सुटली की इथंच नमन, शक्ती-तुरा, नाटकं करायचे. एकाच छपराखाली चळवळ आणि जाखडी. कामगाराचं कलाकेंद्र म्हणजे काय, हे दामोदर हॉलनं दाखवलं. २०२३ साली पुनर्विकासासाठी तो बंद झाला. कोकणच्या लोककलावंतांना छप्पर मागत आंदोलन करावं लागलं.

आणि गिरण्या? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या घरात कामगार उतरले. नंतर गिरण्या रिकाम्या झाल्या, म्हणजे केल्या गेल्या. त्यातल्या काही कलाकेंद्रही झाल्या बरं का! लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली ‘ब्लू फ्रॉग’ नावाचा संगीताचा क्लब निघाला. गाणं चांगलंच असेल. पण ज्यांनी त्या आवारात जन्मभर भोंग्यावर धाव घेतली त्यांच्या पोरांना त्या दारातून आत जायचा धीर झाला असता काय? जुन्या विटा तशाच ठेवल्या, कामगार काढला. कर्झनचंच तंत्र.

मग करायचं काय?

२०२५ साली रत्नागिरीत थिबाकालीन बुद्धविहाराच्या जागेत कम्युनिटी सेंटर उभारण्यावरून बौद्ध समाज रस्त्यावर आला. बाहेरचे लोक म्हणतील, सेंटर तर सगळ्यांसाठी, मग विरोध कशाला? त्यांना वर सांगितलेला सगळा इतिहास सांगायला पाहिजे. ज्यांची चर्चं आपणहून ओस पडली त्यांचं हॉलवालं उदाहरण इथं लागू नाही. इथले भाविक संपलेले नाहीत. ते उभे आहेत, आणि विचारताहेत, ‘कम्युनिटी’ म्हणजे नक्की कोण? आम्हाला न विचारता ठरलेली जागा सगळ्यांची कशी?

आपण कलेच्या विरोधात नाही. वास्तू उघड्या व्हाव्यात, त्यात गाणं घुमावं, हीच आपली इच्छा. म्हणून नुसता विरोध न करता काही ठोस मागण्या धरायला हव्यात.

एक. राजवाड्याच्या दाराशी मोठ्या मराठी अक्षरांत बोर्ड लागावा. हा बौद्ध राजा होता, इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, त्याला इथं तीस वर्षं कैदेत ठेवलं, त्याची मुलगी ह्याच गावात गरिबीत मेली. सालासकट.

दोन. मागची बुद्धमूर्ती कुणी, कधी, का आणली हे तिथंच लिहिलेलं असावं. शाळेच्या सहली आधी तिकडं न्याव्यात.

तीन. आवारात वर्षातले काही दिवस नमन, जाखडी, जलसा आणि भीमगीतांचे असावेत. तानपुऱ्याला हटवून नव्हे, त्याच्या बरोबरीनं. त्याच स्टेजवर, त्याच दिव्यांत.

चार. वास्तूचा आणि आसपासच्या जागांचा निर्णय घेणाऱ्या कमिटीत स्थानिक बौद्ध, राजिवड्याचे मच्छीमार, लोककलावंत ह्यांना मतासह जागा मिळावी. बुद्धगयेचा धडा हाच आहे. पूजा करण्याचा हक्क आणि किल्लीचा हक्क ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पाच, आणि हे कुणाकडं मागायचं नाही, आपणच करायचं. भाट्ये, राजिवडा, शिवाजीनगर भागातल्या म्हाताऱ्या माणसांकडं वही घेऊन बसायचं. टुटूला बघितलेली माणसं अजून हयात असतील. विहाराच्या जागेच्या आठवणी कुणाच्या तरी आजीकडं असतील. त्या लिहून काढायच्या, नाव-गाव-वयासह, आणि सायक्लोस्टाइल करून वाटायच्या. जमिनीचे जुने उतारे, सिटी सर्व्हेचे कागद काढायचे. मोर्च्यात घोषणा लागते, पण कमिटीसमोर कागदच लागतो.

इंग्रजांनी राजा कैद केला, पण त्याचा कागदन् कागद जपला, म्हणून तीस वर्षांच्या कैदेचा हिशेब आज लागतो. विहारात बसणाऱ्या, त्या आवारात राबणाऱ्या माणसांचा हिशेब कुणी ठेवला नाही. तो आपण ठेवला नाही, तर उद्या तिथं कितीही चांगलं सेंटर झालं तरी बोर्डावर आपलं नाव नसेल, आणि नव्हतोच म्हणून सांगायला लोक मोकळे राहतील.

येत्या सुट्टीत गावी जाणाऱ्या प्रत्येकानं एक वही बरोबर न्यावी. जयभीम.